द्वारकाबाईकडून तनुजाकडे आलेला तुकडा

मी डीएनएचा एक जुना तुकडा आहे. मित्रांनो, मी इतका बारीक आहे की घरातल्या कुणीही मला पाहिलेले नाही. तनुजाच्या आईकडून, द्वारकाबाईकडून, मी तनुजाकडे आलो.

शरीराला लागणारी प्रथिने कशी बनवायची, हे जनुकांत लिहिलेले असते. माझ्यात तसे काहीच लिहिलेले नाही. म्हणून आम्हा तुकड्यांना बरीच वर्षे कचरा म्हणत. पण पैठणीची घडी घातली की पदर दूरच्या टोकाला टेकतो ना, तसा पेशीत डीएनएच्या लांब धाग्याला घडी पडली की मी एका दूरच्या जनुकाला टेकतो. त्याने किती काम करायचे, हे ठरवायला मदत करतो. माझ्यात एक अक्षर वेगळे आहे, त्यामुळे ते जनुक जरासे वेगळे वागते. एवढ्याने कुणी आजारी पडत नाही. माझ्यासारखे पुष्कळ बारीक फरक आणि आयुष्यातले धक्के मिळून मनाचा आजार होतो. द्वारकाबाईला तो झाला. नसलेले आवाज तिला ऐकू येत.

गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज थांबले. सिडकोतल्या घरातून ती एकटी एसटीने कन्नडला माहेरी जाऊन येऊ लागली. हात मात्र गोळ्यांमुळे थरथरत.

मग तनुजाला पाहायला पाहुणे येणार, असे ठरले. द्वारकाबाईची नणंद मुक्ताबाई तिला म्हणाली, "वहिनी, कपबशी वाजली की पाहुण्यांना समजतंय. लग्न होईस्तोवर गोळ्या बंद ठेवा."

"वन्सं, गोळीबिगर मला झोप नाय."

"पोरगी सासरी गेल्यावर झोपा की लई. कोण उठवतंय तुम्हाला?"

"आत्या, डॉक्टरांना विचारू ना," तनुजा म्हणाली.

"डॉक्टर देतो का नवरा बघून?"

द्वारकाबाईच्या नवऱ्याने, कडूबाने, गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. घराण्यात वेड आहे असे कळले की सोयरीक मोडते, हे त्यालाही ठाऊक होते.

पाहुणे आले. चहा देताना द्वारकाबाईचा हात जराही हलला नाही. सोयरीक जमली. गोळ्या कपाटातच राहिल्या. हळूहळू तिची झोप गेली, मग आवाज परत आले. "मला बोलवतेत गं," ती तनुजाला म्हणायची. तनुजा डॉक्टरांकडे नेऊ म्हणे, मुक्ताबाई म्हणे, हळद होऊ दे. हळदीच्या आधीच द्वारकाबाई घरातून निघून गेली. पैठणला धरणाच्या पाण्यात ती सापडली.

तिच्यातला मी तिच्याबरोबर संपलो, माझी प्रत तनुजात राहिली. सोयरीकही मोडली. लोक म्हणाले, रक्तातच होतं. आता तनुजाला झोप लागत नाही. "बाबा, माझंही सुरू झालं का?" ती विचारते. मी एवढासाच आहे, माझ्यावरून काहीच ठरत नाही, हे मला तिला ओरडून सांगायचे आहे. मला तोंड नाही.

आज सकाळी कडूबाने तिला चप्पल घालायला सांगितले. मुक्ताबाई दारात होती.

"कुठं निघालास?"

"मनाच्या डॉक्टरकडं."

"हळू बोल की. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे, अक्का. द्वारकीच्या वेळी हळूच बोललो आपण."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी अशा गोळ्या घेत असेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका, आणि त्या माणसाचा आजार लपवू नका.