तळहातातली सुरळी

धाकटीनं सुरळीचा पट्टा ओढून चिकटवला आणि आईचा उजवा पंजा उजेडात धरून पाहिला. माप अचूक बसलं होतं. एक टाका इकडचा तिकडे नाही.

*

दादानं बाहेरच्या खोलीतली गादी उचलून नेली. पंखा बंद केला. लाकडी पाट दोनदा पुसला आणि मधोमध ठेवला. मग तो जरा डावीकडे सरकवला. मग पुन्हा मधोमध.

*

“तुम्ही माझ्या सासूबाई ना?” धाकटीनं आईला विचारलं.

आईनं मान हलवली. हो.

*

“गिळता येतंय त्यांना,” डॉक्टर फोनवर म्हणाले. “पण त्या गिळत नाहीत. सलाईनवर किती दिवस काढणार? आज दिवस मावळेपर्यंत तोंडानं काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालू. गाडी पाठवतो.”

*

भिंतीवरचा उन्हाचा कवडसा कपाटाच्या कडीपर्यंत उतरला होता.

*

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती : आईचं मिटलेलं तोंड. अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, वहिनीनं दुधीच्या सुपाचा पहिला चमचा पुढे केला आणि आईनं दात आवळले. त्याला आज चार दिवस झाले. चमचा दातांवर आपटून परत यायचा, सूप हनुवटीवरून ओघळायचं, वहिनी पुसायची. जन्मात कधी कुणाचं ताट न डावललेली बाई ती.

दादाला त्याचा अर्थ लगेच लागला. त्यांच्या घराण्यात पणजोबांनी असंच अन्न सोडलं होतं. देह आता पुरे झाला असं उमगलं की जैन माणूस राग-लोभ न धरता, सगळ्यांची क्षमा मागून, एकेक घास कमी करत जातो. त्याला संथारा म्हणतात. मरणाला घाबरून दार लावून घेण्यापेक्षा ते उघडून उभं राहणं बरं, असं दादा म्हणायचा. त्यानं साध्वीजींना निरोप धाडला होता, त्यांच्यासाठीच पाट मांडला होता. त्या येऊन आईला विचारणार होत्या आणि आईनं होकार दिला, तर व्रत देणार होत्या. साध्वी सूर्यास्तानंतर बाहेर पडत नाहीत. आई सूर्यास्तानंतर काही खात नाही. आणि डॉक्टरांची गाडीही त्याच सुमाराला यायची होती. सगळ्यांची वेळ एकच.

“होकार कसा देणार ती?” धाकटी म्हणाली. “मान हलवून? मी तिला सासू म्हटलं तरी ती मान हलवते. तू साध्वींसमोर विचारशील, आई, संथारा घेतेस का? ती म्हणेल हो. मी विचारीन, आई, सिनेमाला येतेस का? तरी हो.”

“थट्टा सुचतेय तुला.”

“रडू येत नाही म्हणून सुचतेय.”

“मान सोड. तोंड कोण मिटतंय? मी मिटतोय का तिचं?” दादाचा आवाज चिरकला. “नळी घालून, हात बांधून ठेवतील तिला. तिनं आयुष्यभर पाणी गाळून प्यायलं, मुंगी चुकवून पाऊल टाकलं. शेवटी तिच्या नाकात रबर?”

“आणि चुकून ती जगायचं म्हणत असेल तर?”

दादा दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला.

वहिनी वाटी घेऊन आली. “तुमचं चालू द्या. मी सूप पुन्हा तापवलंय. आता त्यात दुधी कमी, वाफ जास्त. धाकट्या वन्सं, तुमच्या हातानं बघा.”

*

धाकटीचा धंदा शिवणाचा. शाळांचे गणवेश शिवायची. धर्माचं तिनं लग्नानंतर फारसं काही ठेवलं नव्हतं. रात्री जेवायची, कांदा खायची, आणि दादासमोर मुद्दाम सांगायची. पण हातात कला होती. दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी निघतानाच बजावलं होतं, की लुळ्या हाताची बोटं आत वळतात आणि तशीच आखडून बसतात, तेव्हा पंजात कापडाची सुरळी ठेवा, काढू देऊ नका. आईचा डावा हात मात्र सुरळी सारखा उपसून टाकायचा. सुरळी पलंगाखाली सापडायची, उशीखाली सापडायची. दरवेळी ती पंजात परत बसवूनच वहिनी चमचा पुढे करायची; शेवटी कंटाळली. मग धाकटीनं खाकी कापडाची भरीव सुरळी शिवली, तिला मनगटाभोवती फिरणारा पट्टा लावला, वर चिकटपट्टी. आज सकाळपासून सुरळी जागची हलली नव्हती. आईची सेवा म्हणून काही जमलं असेल तर तेवढंच, असं तिला वाटत होतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. चमचा भरला.

“आई, आ कर.”

आईनं सुपाकडे पाहिलं. असं पाहिलं, की धाकटीचा हात थांबला. तहानलेला माणूस पाण्याकडे पाहतो तसं. पण तोंड मिटलेलंच.

मग डावा हात निघाला. पांघरुणावरून सरपटत उजव्या पंजापाशी आला आणि पट्ट्याला नखं लावू लागला.

“नको गं आई. बोटं वाकडी होतील.”

धाकटीनं तो हात हलकेच बाजूला केला. तो परत आला. पट्टा निघेना, तेव्हा त्यानं उजव्या हाताची करंगळी धरली आणि सुरळीवर दुमडली. मग शेजारचं बोट. मग मधलं. बोटं टेकत नव्हती, मध्ये कापड होतं. आईनं पुन्हा सुपाकडे पाहिलं, पुन्हा धाकटीकडे, आणि तिच्या घशातून एक आवाज आला. कुलपात चुकीची किल्ली फिरवावी तसा.

बाहेर दादा कुणाला तरी “या, या” म्हणत होता.

धाकटी बोटांकडे बघत राहिली. ती लहान असताना जेवायला बसली की आई हात पदराखाली घ्यायची. त्या हातात पेपरमिंट लपवलंय असं वाटून धाकटी बोटं उचकटायची. आई ओठ हलवता हलवता थांबायची आणि म्हणायची, “मोडलंस ना, बये? आता पुन्हा पहिल्यापासून.” पेपरमिंट कधीच नसायचं. उजव्या हाताची मूठ वळायची, तीनदा नवकार मंत्र म्हणायचा, मगच अन्नपाणी. आणि खाऊन झालं की मूठ पुन्हा वळेपर्यंत सगळ्याचा त्याग. हा आईचा नेम. दाखवायचा नाही म्हणून पदराखाली.

“वहिनी,” धाकटी म्हणाली. “वहिनी, अहो, मूठ.”

“कसली मूठ?”

धाकटीनं पट्टा ओढला. तिचीच शिलाई, सुटेना. नखाखाली कळ गेली. तिनं दात लावला. चिकटपट्टी चर्रकन उसवली आणि सुरळी खाली पडून पलंगाखाली गेली.

आईचा डावा हात लगेच कामाला लागला. करंगळी, शेजारचं बोट, मधलं, पहिलं. अंगठा वर आणायला वेळ लागला. तो दोनदा घसरला. धाकटीचे हात पुढे झाले आणि तिनंच ते मागे घेतले. डाव्या हातानं उजवी मूठ मिटून धरली. ओठांचा एकच कोपरा हलू लागला.

कवडसा कपाटाच्या पायाशी आला होता. दारात दादा, त्याच्यामागे पांढऱ्या वस्त्रातल्या साध्वीजी, तोंडावर मुहपत्तीचं फडकं. दादा काही बोलायला गेला. वहिनीनं बोट ओठांवर ठेवलं.

ओठांचा कोपरा हलत राहिला. थांबला. पुन्हा हलला.

मग आईनं आ केला.

पहिला चमचा आत गेला. गळ्याची घाटी वर आली, खाली गेली. धाकटीनं दुसरा भरला. आईनं तो जिभेनं ओढूनच घेतला.

“आजारपणात नेमाला सूट असते गं,” दादा अगदी हळू म्हणाला. “सूट असते.”

“ते तिला कुणी सांगितलं?” धाकटी म्हणाली.

साध्वीजी उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “उजेड आहे अजून. घाई करू नका, ठसका लागेल.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी आज काही विचारत नाही. पण आता त्यांना विचारता येईल. त्यांची मूठ त्यांनाच वळू द्या. वळली तर भरवा. नाही वळली, तर तेही ऐका.”

खाली गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज झाला. वहिनी सांगायला जिन्याकडे धावली.

“दादा, बघत काय उभा राहिलास? वाटी धर.”

दादा आला. त्यानं दोन्ही हातांनी वाटी धरली. वाटी थरथरत होती, सूप काठावरून त्याच्या बोटांवर सांडत होतं.

“सांडतंय सगळं. धड धर ना.”

“धरतोय,” दादा म्हणाला.

आईनं पहिला चमचा नाकारला, त्या दिवसापासून दादाच्या पोटातही पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. दुकानातच जेवतो, असं तो वहिनीला सांगत आला होता.