मुर्नीचे केपेल

मित्रांनो, बिचकू नका, जवळ बसा. मी जावा बेटावरचे एक म्हातारे केपेलचे झाड आहे. माझी फळे फांद्यांना लागत नाहीत, खोडालाच लगडतात. मुठीएवढी, चिकूच्या रंगाची. ती खाल्ली की घामालासुद्धा फुलांचा वास येतो, म्हणतात. पूर्वी मला राजवाड्यातच लावत. साध्या माणसाने दारात लावले तर घरावर संकट येते, असे लोक मानत.

वागियेम एका सरदाराघरी धुणे धुवायची. तिथून तिने एक फळ कमरेच्या कापडात लपवून आणले. तिच्या लेकीने, मुर्नीने, ते खाल्ले आणि बी बांबूच्या पेरात माती भरून पुरले. ते बी म्हणजे मी.

"बुने, मुर्नीच्या आई, हे बड्या लोकांचं झाड. अंगाशी येईल हो," वागियेमचा नवरा तुकिजान म्हणाला.

"वासाला काय बडं नि छोटं?" वागियेम हसली.

केपेलचे बी फार आळशी. महिनोन्‌महिने ते मातीत पडून राहते. मुर्नीला कुठला धीर! ती रोज नखांनी माती उकरून मला बघायची.

"न्दुक, उकरू नकोस गं पोरी, मरेल ते!" आई ओरडायची. मग मुर्नी मला झाकायची आणि कुजबुजायची, "झोपलंयस अजून?"

पुढे मुर्नीला ताप आला. तो उतरलाच नाही. तिला मूठमाती देऊन माणसे परतली, त्याच आठवड्यात मी मातीतून डोके वर काढले.

"बघा! पोरीला गिळलं, मग उगवलं," शेजारीण पोनिरा कुंपणावरून म्हणाली. तुकिजान कोयता घेऊन धावला. वागियेम मला मांडीवर घेऊन बसली होती.

"तिची नखं लागलीत या मातीला," ती म्हणाली. "आता लावा हात."

कोयता खाली झुकला.

मी सावकाश वाढलो. कित्येक वर्षांनी फळे धरली. केपेल पिकले का, हे साल नखाने खरवडून बघतात. आत पिवळे दिसले तर पिकले, हिरवे दिसले तर कच्चे. एका सकाळी वागियेमला दिसले, की माझी अगदी खालची फळे कोणीतरी खरवडली आहेत. इवल्या नखांच्या खुणा होत्या. आमच्या अंगणात तर एकही मूल फिरकत नसे.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. कोण आले, ते मी पाहिले नाही. पण ती नखे मी ओळखली. घाई तीच होती.

वागियेमने त्या खुणांवरून बोट फिरवले. "न्दुक, कच्ची आहेत गं अजून," ती हळूच म्हणाली. त्यानंतर दर हंगामात खुणा उमटत राहिल्या, आणि खालची फळे तिने कधी तोडली नाहीत.

खुणांची गोष्ट पसरली, तशी गावात भीती आणखी वाढली. तिने माझ्या बियांची रोपे केली, पण फुकट दिली तरी कोणी घेईना.

मग पोनिराचा थोरला मुलगा वाळूच्या खाणीत दरड कोसळून गेला. बऱ्याच दिवसांनी ती आमच्या फाटकातून आत आली.

"म्बाक, ताई, मला एक रोप देशील?"

"तूच म्हणायचीस ना, पोरीला गिळलं म्हणून?"

"म्हणायचे." पोनिरा माझ्या बुंध्याशी खाली बसली. "खरं सांग. येते का गं ती?"

वागियेम तिच्याशेजारी टेकली. "ठाऊक नाही, पोनिरा. पण सकाळी मी दार उघडते ते तेवढं बघायला. नाहीतर उघडलंच नसतं."

तिने एक रोप मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलून दिले. "मूळ खोल जातं याचं. धक्का लावू नकोस."

वागियेम आता नाही. रोपे तुकिजान करतो. लांबून माणसे येतात, मान खाली घालून उभी राहतात. कोण गेले, हे तो विचारत नाही. मुळे सांभाळून रोप त्यांच्या हाती देतो.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. एखाद्याच्या दारातले झाड तोडायला निघालात, तर आधी त्या घरात जा, थोडे बसा आणि विचारा, की ते कोणासाठी वाढवले आहे.