दगड हलवायचा न्हाई

"अक्का, नीचे उतरो. उप्पर अम्मा बैठी है."

दूध घालायला आलेली अंजम्मा दारातच थांबली आन् असं बोलली. आमच्या जाऊबाई, पंचफुलाबाई, आपल्या अंगणातल्या आपल्याच दगडावर बसून मिरच्यांची देठं खुडायल्या होत्या. मी खाली सावलीला बसले होते. जाऊबाईनं मागं बघितलं, वर बघितलं. दगडावर तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"कोणती अम्मा गं? माझी माय तर कवाच मेली."

"पोचम्मा," अंजम्मा म्हणाली, आन् दुधाची किटली खाली ठेवून तिनं हात जोडले.

आता ह्या दगडाची काय भानगड हाय ते आधी सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली.

माझे थोरले दीर किशनराव. आबिड्सच्या पोस्टात टपाल निवडता निवडता रिटायर झाले. नांदेडकडनं हैद्राबादला आलो तवापासून त्यांची सगळी हयात भाड्याच्या खोल्यांत गेली. जाऊबाईचं मागणं एकच, घर स्वतःचं पाहिजे आन् ते स्लॅबचं पाहिजे. तिचं माहेर बसमतकडचं. गावाबाहेर मातीचं घर. झड लागली की भिंत बसायची, मग लेकरंबाळं घेऊन कुणाच्या तरी गोठ्यात उभं राहायचं, ते बी मालकानं राहू दिलं तर. माती म्हणलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

आन् तिची पोरगी निघाली आर्किटेक्ट. निशिगंधा तिचं नाव. तिनं रिंगरोडच्या पल्याड गुट्टलगुड्याला प्लॉट बघितला. स्वस्त मिळाला. कामून, तर मधोमध हत्तीएवढा दगड. तिकडचा सगळा मुलूखच दगडाचा, कुणीतरी खेळता खेळता एकावर एक रचून निघून गेल्यासारखे धोंडे. शेजारी वेंचरवाले, म्हणजे शेतं घेऊन प्लॉट पाडणारे, त्यांनी सुरुंग लावून आपल्याकडचे सगळे उडवले. आमचा मेस्त्री म्हणाला, ह्यो बी उडवू. निशिगंधा म्हणाली, "दगड हलवायचा न्हाई. घर हलवायचं."

मग तिनं दगडाच्या कुशीत घर बसवलं. आधी खड्डा काढला. त्यातली लाल माती भिंतींना, फुटका दगड पायाला, आन् खड्ड्यात पावसाचं पाणी साठायचं. दारं-खिडक्या पाडलेल्या घरांच्या, वर जुनी कौलं. दगडाचं तोंड रस्त्याकडच्या अंगणात आन् दगडाची पाठ म्हणजे सैपाकघराची भिंत. मावळतीचं ऊन सगळं दगड अंगावर घ्यायचा आन् आतमधी गारवा.

पण माती बघून जाऊबाईनं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. "मी मातीतून निघाले आन् तू एवढी शिकून पुन्हा मातीतच घालायलीस मला?"

"मम्मी, ही ती माती न्हाई. ह्याच्यात चुना हाय, ही बसत न्हाई."

"शेजारी कुणाचं तरी हाय का असलं?"

"न्हाई ना. म्हणून तर करायले."

वास्तुशांत वगैरे आमच्यात करत न्हाईत. वंदना घेतली, खीर वाटली, ते तिघं राहायला गेले; मी शहरातच, पण येऊन-जाऊन असायची. आन् त्याच उन्हाळ्यात, गावातल्या स्लॅबच्या घरांतली माणसं भाजून निघायली तवा जाऊबाई दुपारी दगडाच्या पाठीला पाठ लावून गार झोपायची. मग बोलणंच बंद झालं तिचं. नुसतं बोलणं न्हाई बंद झालं, दगडावर मालकी आली. पापड दगडावर, कुरडया दगडावर. बसमतहून भाऊ ओली हळद धाडायचा, ती उकडून दगडावर. वाळून हळद डब्यात गेली तरी दगड पिवळाधम्मक राहायचा. त्याच पिवळ्यावर पुन्हा लाल मिरच्यांचा ढीग.

हेच अंजम्मानं बघितलं.

गावाची देवी पोचम्मा बी असलाच एक दगड होती, लिंबाखालचा. वेंचरवाल्यांनी तो बी उडवला. गाव चिडलं, रस्त्यावर बसलं, त्यांच्या लॉऱ्या आत जाऊ देईना. त्यांनी गेटापाशी फरशीचं एक देऊळ बांधून देतो म्हणलं, पण बाया म्हणाल्या, फरशीत कोण येऊन बसतंय. तशात पोरांना ताप सुरू झाला. अंजम्माची नात तर फणफणली होती. आन् ही बाई दूध घेऊन आमच्या दारात येती तर समोर काय, पंचक्रोशीत उरलेला एकुलता एक दगड, हळदीनं माखलेला.

"अगं हळद हाय ती," जाऊबाई म्हणाली. "वाळू घातलेली."

"हौ अक्का. हल्दीच तो है."

आता ह्याला काय बोलावं सांगा.

दुसऱ्या दिवशी अंजम्मा लिंबाचा डहाळा घेऊन आली, तिसऱ्या दिवशी चार बाया घेऊन. जाऊबाईला आधी लई राग आला. "मामंजींनी दीक्षा घेतली तवा घरातले सगळे देव गाठोडं बांधून गोदावरीत सोडले. आन् हे इथपर्यंत चालत आले का?" तिनं काथ्या घेऊन दगड घासला. म्हणाली, हळदच हाय, चार उन्हं खाल्ली की उडती. पण उडायच्या आधी नवी लागायची.

"हाकलून द्या की, बाई," मी म्हणले.

"हाकलणार होते. ती अंजम्मा दगडाला डोकं लावून रडायली. नातीचं नाव घेऊन रडायली गं. रडणाऱ्या बाईला हाकलून कसं द्यायचं?"

भाऊजींचं आपलं ठरलेलं. "असू दे. आपल्याला ह्याच गावात राहायचंय."

आखाडात बोनालू आलं, देवीला भात वाहायचा तिकडचा सण. बाया डोक्यावर भाताची मडकी, मडक्यावर दिवे, डफडं वाजवत थेट अंगणात. कोंबड्या कापल्या, चुली मांडल्या. जाऊबाई दिवसभर ताक वाटायली. हात जोडले न्हाईत तिनं, पण पोरांना जेवायला वाढलं, म्हाताऱ्यांना सावलीला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा गाव तिच्या दारात आलं होतं आन् कुणी तिला लांब सरक म्हणलं नव्हतं. तो दिवस चांगला गेला, खोटं कामून बोलू. नात बी बरी झाली होती, डॉक्टरच्या गोळीनं झाली असंल, पण झाली.

त्याच्यानंतर मुकुंदराव आले.

मुकुंदराव म्हणजे वेंचरचे भागीदार. घर हिमायतनगरला, पिढ्यान्‌पिढ्या वकिली. पांढरी गाडी, पांढरा सदरा, मराठी अशी की रेडिओवर बातम्या लागल्या. "अरे वा, आपली मराठी माणसं! इतक्या लांब. फार आनंद झाला." घर हिंडून बघितलं, भिंतीवरून हात फिरवला, निशिगंधाचं कौतुक केलं. जाऊबाईनं चहा टाकला.

"आडनाव काय म्हणालात?"

"सोनकांबळे," भाऊजी म्हणाले.

कप तोंडापाशी गेला होता. तो परत बशीत आला. "उन्हाचा चहा सोसत नाही हो मला," असं म्हणून मुकुंदराव उठले. आम्ही तिघं त्या कपाकडं बघत बसलो. त्याच्यावर साय धरली तरी कुणी उचलेना.

मग त्यांनी गावाला जमवलं. म्हणाले, तुमच्या अम्मानं स्वतः जागा निवडलीय, आम्ही कोण दुसरं देऊळ बांधणार? हिथंच सगळं करून देऊ, खर्च आमचा. गाव खूश झालं. रस्ता मोकळा झाला, लॉऱ्या आत गेल्या. वेंचरचं पाप फिटलं आमच्या अंगणात.

रस्त्याकडची कुंपणभिंत पाडायला माणसं आली तवा निशिगंधा आडवी झाली. कागद दाखवले, ठाण्यात गेली. साहेब म्हणाले, श्रद्धेचा मामला हाय ताई, समजुतीनं घ्या. ती घरी येऊन खाली मान घालून बसली. तवा जाऊबाई म्हणाली, "फोड तो दगड."

"मम्मी."

"तू फोडत न्हाईस तर मी फोडते. दगड असंल तर हे लोक असतील. फोड."

पोरगी ढसाढसा रडली. पण मायचं ऐकून तिनं दगडफोडे वड्डर बोलावले. ते घण घेऊन आले, दगडाजवळ गेले, हळद बघितली. घण खाली ठेवले, दगडाच्या पाया पडले आन् आल्या वाटेनं परत गेले.

भिंत पडली. अंगणाला फरशी बसली, दगडाला स्टीलची जाळी, जाळीला कुलूप, आन् कुलपाला एक पुजारी. पुजाऱ्यानं पहिल्यांदा नियम सांगितले. हिथं कोंबडं कापायचं न्हाई. ताडी न्हाई. सोवळ्यात असंल त्यानंच जाळीच्या आत यायचं. आन् घरातल्या लोकांनी पुढून वापरायचं न्हाई, मागं दार पाडून घ्यावं. निशिगंधानं पावसाचं पाणी खड्ड्यात जायला जो उतार दिला होता तो फरशीनं मोडला. पहिल्याच जोराच्या पावसात पाणी भिंतीच्या पायाशी साठलं, आन् चुन्याची का असंना, भिंत एका कोपऱ्याला फुगली. जाऊबाई त्या कोपऱ्याकडं बघत बसायची. मला तिचं माहेर आठवायचं.

आवसेला अंजम्मा कोंबडं काखेत घेऊन आली. पुजाऱ्यानं बाहेरूनच परत लावली. ती फिरून मागच्या दाराला आली, जाऊबाईजवळ बसली. "मेरी अम्माकू देखने नै दिया," म्हणाली. जाऊबाईनं तिला पाणी दिलं. "मला बी माझा दगड बघू देत न्हाईत," म्हणाली. ते कोंबडं दोघींनी मिळून आमच्या चुलीवर शिजवलं.

तिथून पुढं ते सुरू झालं. पुढून आरती असली की मागं जाऊबाईच्या तव्यावर सुकट पडायची. दगडाचं तोंड त्यांनी जाळीत घातलं, पण पाठ सैपाकघराची भिंत होती. ती कशी नेणार? फोडणीचा धूर फटीतून थेट पुढं. भक्त लोक नाकाला रुमाल लावायचे.

एका संध्याकाळी मुकुंदराव मागच्या दाराला आले. आत आले न्हाईत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी तिथंच भाजी निवडायली होते. निशिगंधा फुगलेल्या भिंतीला टेकू लावत होती.

"ताई, एक विनंती होती," ते म्हणाले. "चूल तेवढी पलीकडच्या बाजूला न्या. नाहीतर असं करू, वेंचरमध्ये तुम्हाला दुसरा प्लॉट देतो. स्लॅबचं घर बांधून देतो. देवीच्या पाठीशी असला वास बरा दिसत नाही."

स्लॅबचं घर. माझा हात भाजीत थांबला. सगळी जिंदगी जे मागितलं ते दारात आलं होतं. निशिगंधानं मायकडं बघितलं. "मम्मी, घेऊन टाक," ती हळूच म्हणाली. "मला आता ह्या घरात काही वाचवता येईना."

जाऊबाईनं पदरानं हात पुसले.

"तू काय म्हणली होतीस गं? दगड हलवायचा न्हाई, घर हलवायचं. त्यांना बी तेच पाहिजे." मग ती मुकुंदरावकडं वळली. "दादा, तुमची देवी माझ्या घरी आली. मी तिला ताक पाजलं, तिच्या लेकरांना जेवू घातलं. पण ती आली तवा मी तिचं आडनाव इचारलं न्हाई."

 मुकुंदराव गाडीकडं वळले. जाऊबाईनं तव्यावरची सुकट उलटली.

बोलली छान. पण नुसत्या बोलण्यानं काय होतंय? जाळी तिथंच हाय, कुलूप तिथंच हाय, भिंतीचा टेकू बी तिथंच हाय. मिरच्या आता मी माझ्या गच्चीवर वाळवते आन् तिच्या वाट्याच्या पिशवीत भरून बसनं नेऊन देते. ह्या वर्षी बसमतची हळद आली तवा तिनं भावाला फोन करून सांगितलं, आता धाडू नको, इथं ऊन न्हाई.