सम्राटाचा नमस्कार

रोमचा सम्राट गुडघे टेकायला तयार नव्हता. का तयार नव्हता हे दुबईतल्या सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक होतं, पण बोलणार कोण? सम्राटाचं काम करणारे शैलेंद्र सर म्हणजे निम्म्या मंडळाचे बॉस. उरलेल्या निम्म्यांच्या नोकऱ्या नुकत्याच गेलेल्या, त्यामुळे तेही सरांशी साखर पेरूनच बोलत होते.

२००९ सालचा जानेवारी होता, मंदीचा. मरीनातल्या क्रेन महिनाभर एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. शैलेंद्र सरांची कंपनी ऑफिसांचं इंटिरिअर करायची. डिसेंबरात एका बिल्डरने अख्ख्या टॉवरचं काम फोनवरून रद्द केलं आणि सरांचं डोकं फिरलं. त्याच दुपारी त्यांनी अल क्वोजमधला सुतारखाना बंद करून टाकला. संध्याकाळी राग उतरल्यावर, निदान जुनी माणसं तरी ठेवा म्हणून त्यांनी एचआरला फोन केला. तोवर व्हिसा कॅन्सल करायचे कागद पुढे गेले होते. सुतार रांगेनं आपापल्या गावी परतले. फोरमन खैरुद्दीन तेवढा तिकिटाची वाट बघत मागे राहिला होता.

अरुण त्याच कंपनीत, डिझाइन खात्यात. वय बावन्न, म्हणजे मंडळात सगळ्यात वडील. या वडीलकीचा त्याला पगार नव्हता, पण ड्यूटी होती. गणपती असो, दिवाळी असो, कुणाचंही पोर त्याच्यासमोर आणून वाकवलं जायचं, आणि अरुण त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "असू दे, असू दे. औक्षवंत हो. उत्तम मार्कांनी पास हो." वर्षानुवर्षं हेच. वडील माणूस म्हणून नाटकातला मिलानचा बिशपही त्याच्याच गळ्यात पडला.

नाटक अनुपमाचं. ती इंडियन स्कूलमध्ये इतिहास शिकवायची आणि मंडळालाही विद्यार्थी समजायची. गोष्ट अशी होती: थेसलोनिकाच्या लोकांनी सम्राटाचा एक अधिकारी दंग्यात मारला. सम्राट थिओडोसियस भडकला आणि त्यानं लोकांची कत्तल करायचा हुकूम सोडला. राग उतरल्यावर हुकूम परत घ्यायला दुसरा निरोप धाडला म्हणतात, पण तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग मिलानचा बिशप अँब्रोज सम्राटाला चर्चच्या दारात अडवून म्हणाला, आधी पश्चात्ताप कर, मग देवाकडे ये. आणि जगाच्या मालकानं राजवस्त्रं उतरवून चारचौघांत माफी मागितली.

हे नाटक अनुपमानं आदल्या ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. तेव्हा दुबईत नोकरी जाऊ शकते हेच कुणाला माहीत नव्हतं. पण आता सगळ्यांना वाटत होतं की तिनं सरांना टोमणा मारलाय. विचारलं तर ती नुसती हसायची, त्यामुळे संशय आणखी पक्का व्हायचा.

तालीम अल क्वोजच्या रिकाम्या सुतारखान्यातच चालायची. लाकडाचा वास अजून गेला नव्हता.

"अनुपमा, एक बेसिक क्वेश्चन," सर एकदा मधेच थांबून म्हणाले. "या बिशपला पगार कोण देतो?"

"चर्च देतं, सर."

"आणि चर्चला जमिनी कुणी दिल्या? टॅक्स कुणी माफ केला? आम्ही सम्राटांनीच ना? मग हा मला दारात कसा अडवतो? याला टर्मिनेट का नाही करत मी?"

"तेच तर नाटक आहे, सर. तलवार तुमच्याकडे आहे, पण दार त्याच्याकडे."

'टर्मिनेट' ऐकून अरुण आपलं वाक्यच विसरला. कंपनीत दुसरी यादी निघणार अशी कुजबुज होती, आणि बावन्न वर्षांच्या डिझायनरला आता दारात कोण उभं करणार? मिलानच्या बिशपचं बरं होतं, त्याला व्हिसा लागत नव्हता.

"अरुण, चला," अनुपमा ओरडली आणि तिनं त्याचं वाक्य सांगितलं. "थांब! या रक्ताळलेल्या हातांनी देवाला शिवणार आहेस?"

अरुणनं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "थांबा ना, सर, प्लीज."

अनुपमानं कपाळाला हात लावला.

गुडघ्यांवरून मात्र दोन आठवडे घोळ चालला. सर म्हणत, सम्राट उभ्यानंच माफी मागेल. अनुपमा म्हणे, मग नाटकच नको. शेवटी सरांनीच तोड काढली. "हे बघा, गुडघे-बिडघे आपल्यात नसतं. मी वडिलांसमोरही कधी गुडघे टेकले नाहीत. वाकून नमस्कार करत आलोय. शोला वाकून नमस्कार करीन, प्रॉपर. आणि ते 'मी चुकलो' पण तेव्हाच बोलीन. रिहर्सलमध्ये नको. यल्ला, पुढे चला."

मिलानच्या चर्चमध्ये रोमचा सम्राट वाकून नमस्कार करणार हे ऐकून अनुपमानं नाक मुरडलं, पण हॉलचं बुकिंग झालं होतं.

घरी अरुणच्या बायकोनं, लतिकानं, आपली जांभळी पैठणी सम्राटाच्या शालीसाठी काढून ठेवली होती. तिला इस्त्री करता करता ती म्हणाली, "अहो, त्यांच्यावर ओरडू नका हं. हळू बोला. केयाची दहावी तोंडावर आलीय. व्हिसा गेला तर महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागेल, मुलीनं परीक्षा कुठे द्यायची?"

"अगं, पण बिशप ओरडतो."

"तुमचा बिशप समंजस असू दे."

केयानं पुस्तकातून डोकं वर केलं. "बाबा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ प्ले."

सगळ्या नाटकात खरीखुरी वस्तू एकच होती, दार. चर्चचा दरवाजा अनुपमानं खैरुद्दीनला सांगितला, आणि खैरुद्दीनला खोटं दार करता येत नव्हतं. रद्द झालेल्या टॉवरच्या लाकडातून त्यानं दोन माणसं उंच, पितळी बिजागऱ्यांचं, आतून कडी असलेलं असलं दार केलं की मिलानकरांनी हेवा करावा. ते उघडायलाही तोच आत बसणार होता. मराठी त्याला येत नव्हती. अनुपमानं त्याच्याकडून दोनच शब्द घोकून घेतले. "सर 'मी चुकलो' बोलेंगे, तभी कडी खोलना. उसके पहले छत भी गिरे तो नहीं खोलना."

"मी चुकलो," खैरुद्दीन गंभीरपणे म्हणाला. "समझ गया, मॅडम."

प्रयोग शुक्रवारी संध्याकाळी उम्म अल कुवैनच्या एका हॉलमध्ये होता. दुबईचे हॉल परवडेनात. एवढ्या लांब कोण येणार अशी सगळ्यांना भीती होती, पण नोकऱ्या गेलेल्यांना वेळच वेळ होता. हॉल भरला.

पहिला अंक बरा गेला. पैठणीतला सम्राट रुबाबदार दिसत होता. एसीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची टोपी घातलेला बिशप दारासमोर उभा राहिला. सम्राट चालत आला. आता अरुणनं अडवायचं, सम्राटानं वाकायचं, बिशपनं ताठ उभं राहून त्याला महिनोन्महिने बाहेर बसवायचं, आणि तिसऱ्या अंकात 'मी चुकलो' झालं की दार उघडायचं, असं ठरलेलं.

पण घाईत म्हणा, घाबरून म्हणा, सर आले ते थेट वाकलेच. अगदी प्रॉपर वाकले. दोन्ही हात अरुणच्या पायांना लागले.

आणि अरुणचा हात आपोआप खाली गेला.

"असू दे, असू दे," बिशप अँब्रोज म्हणाला. "औक्षवंत हो. उत्तम मार्कांनी पास हो."

हॉल असा हसला की मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी हातातला चहा सांडला. विंगेत अनुपमा मटकन खाली बसली. चौथ्या शतकातला एवढा मोठा पश्चात्ताप वीस सेकंदांत आटोपला होता.

सरांचा चेहरा मात्र खुलला. माफी मिळाली, खलास, 'मी चुकलो' म्हणायचं संकट टळलं. शाल सावरत ते दाराकडे गेले आणि ढकललं. दार हललं नाही. त्यांनी खांदा लावला. पितळी बिजागऱ्या तशाच.

"खैरुद्दीन," सर दात आवळून म्हणाले, "दरवाज़ा खोलो."

करवतीच्या आवाजावर मात करून बोलायची सवय असलेला माणूस कुजबुजला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. आतून उत्तर आलं, "डायलॉग बाकी है, साब."

आता हसणारे हळूहळू हसायचे थांबले. सरांनी अरुणकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ ऑफिसात दहा वर्षं काढलेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही: उघडायला सांग. पहिल्या रांगेत लतिका दोन्ही हातांनी तेच खुणावत होती. अरुणनं तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. पण त्याला तो सुतारखाना आठवला, आणि तिथे अजून येणारा लाकडाचा वास. तो वास ज्यांचा होता त्यातला एक जण दाराच्या आत कडी धरून बसला होता. अरुणला एकदम स्वतःची लाज वाटली.

"थांब," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आशीर्वाद मी कुणालाही देतो. दार त्यावर उघडत नाही."

हे अनुपमानं लिहिलेलं नव्हतं. विंगेत ती उठून उभी राहिली.

सरांनी मुकुट काढला. पैठणी खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही. "रागाच्या भरात मी हुकूम दिला," ते म्हणाले. "परत घ्यायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. मी चुकलो."

कडी वाजली. दार बिनआवाज उघडलं. उजेडात इस्त्रीचा शर्ट घातलेला खैरुद्दीन उभा होता. सरांनी त्याला पाहिलं आणि आत जायचंच विसरले. अनुपमानं पडदा पाडला. टाळ्या थांबेनात.

रात्रभर लतिका अरुणशी बोलली नाही. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "काम छान झालं तुमचं," आणि रडायला लागली.

रविवारी ऑफिस उघडल्या उघडल्या सरांनी अरुणला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"अरुण, यादीत तुमचं नाव मी गुरुवारीच दिलं होतं," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "प्रयोगाच्या आधी. काल आपल्या लोकल पार्टनरच्या घरी गेलो, नाव परत घ्यायला. तो म्हणाला, सिस्टिममधून गेलं, हबीबी. मार्चअखेरपर्यंत व्हिसा ठेवायचं तेवढं कबूल केलं त्यानं. केयाची परीक्षा होईल. बाकी काही जमलं नाही."

म्हणजे शुक्रवारी त्या दारासमोर अरुण जीव मुठीत धरून उभा होता, ते सगळं फुकट. आता घाबरायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सर टेबलाला वळसा घालून आले आणि वाकले. इथे ना पैठणी होती, ना प्रेक्षक.

अरुणचा हात सवयीनं उठला. "असू दे, अ..." तो म्हणाला, आणि हात अधांतरीच थांबला.

"सर," तो हळूच म्हणाला, "डायलॉग बाकी आहे."

सर वाकलेलेच राहिले. अरुणच्या बुटांकडे बघत असावेत.

"मी चुकलो," ते म्हणाले.

तेव्हा कुठे अरुणनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "औक्षवंत हो," तो म्हणाला, आणि सवयीनं पुढचंही तोंडातून गेलंच, "उत्तम मार्कांनी पास हो."