हत्तीच्या शेपटीखालची बटणं

मी एक जुना कापडी हत्ती आहे. मित्रांनो, हत्ती म्हटल्यावर तुम्ही मान वर केली असेल, ती तशीच राहू द्या. तरुणपणी माझा रुबाबच तसा होता. मी शिंकलो की वाचनालयातली पुस्तकं आपसूक अनुक्रमाने लागत. एकदा मी कान हलवले तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे तीन गल्ल्या पलीकडे जाऊन, घड्या होऊन पडले. वाचनालयाच्या बाईंना विचाराल तर त्या नाही म्हणतील, पण त्यांना हल्ली फारसं आठवत नाही.

माझा जन्म शिवणमावशींच्या मशीनवर झाला. फाटक्या तंबूच्या कापडाची कातडी, वेताच्या कामट्यांच्या बरगड्या, टाकून दिलेल्या रेनकोटचे कान आणि बुटांच्या पॉलिशच्या डबीची झाकणं म्हणजे माझे डोळे. पाय मात्र मावशींना शिवता आले नाहीत. ते मला दोन साडूंनी दिले.

पुढचे पाय घड्याळजींचे आणि मागचे गवंडीबुवांचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. घड्याळजी किडकिडीत आणि बोलघेवडे. गवंडीबुवा धिप्पाड, पण बोलायला इतके जड की त्यांनी सकाळी सुरू केलेलं वाक्य संपेपर्यंत चहा निवायचा.

दर रविवारी वाचनालयात मुलं जमत आणि बाई चिखलात रुतलेल्या हत्तीची लोककथा सांगत. हत्ती मी. हा हत्ती मोठा आखडू. कंबरेपर्यंत रुततो तरी कुणाला हाक मारत नाही. शेवटी माकडं फांद्या टाकतात, ससे माती उकरतात, मुंग्या त्याच्या पायांखाली शिरून चिखल पोखरतात आणि हत्ती उभा राहतो. मग टाळ्या.

घड्याळजींनी डावी टाच एकदा आपटली की चालायचं, दोनदा आपटली की बसायचं. गवंडीबुवांना आत दिसायचं काय, तर साडूची कंबर आणि वीतभर फरशी. अर्धा तास ओणवं राहून, माझ्या पाठीचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन ते नुसत्या टाचेच्या इशाऱ्यावर चालत. वीस वर्षांत माझं एकही पाऊल चुकलं नाही. ही थाप नाही बरं का.

माझी बटणं शेपटीखाली होती आणि तीही बाहेरून लावायची. खेळ संपला की घड्याळजी सोंडेच्या बाजूने बाहेर पडत, मागे येऊन बटणं उघडत आणि मग गवंडीबुवा मोकळे होत.

एका रविवारी टाळ्या थांबेनात. मुलं घड्याळजींच्या गळ्यात पडली, त्यांना उचलायला धावली. ते सगळ्यांशी हात मिळवत दारापर्यंत गेले. दार ओलांडून अंगणात गेले. गवंडीबुवा माझ्या पोटात तसेच ओणवे राहिले. हाक मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी त्यांचा श्वास ऐकत होतो. बऱ्याच वेळाने झाडूवाल्या मावशींनी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी पाठ सरळ केली, माझी घडी नीट घातली आणि घरी गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत.

मग माझे हाल सुरू झाले. घड्याळजींनी पोस्टमनला मागे घेतलं, तर माझी मागची बाजू सवयीने प्रत्येक दारापाशी थांबू लागली. दूधवाल्याला घेतलं, तर पुढचे पाय चिखलात आणि मागचे थेट पाण्याच्या माठाकडे. मुलं पोट धरून हसली, पण गोष्टीची पार वाट लागली. शेवटी मी कपाटावर जाऊन पडलो. उंदरांनी कानात बिऱ्हाड केलं. एक दिवस बाई शिवणमावशींना म्हणाल्या, या कापडाचे खिडक्यांना चांगले पडदे होतील. मावशींनी माप घेतलं. मापाची पट्टी माझ्या पाठीवरून सरकली तेव्हा माझ्या थापाच संपल्या.

त्याच आठवड्यात घड्याळजी वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आले. ते दाराशी उघडलेलं घड्याळ घेऊन बसले होते आणि आत बाई माझ्याशिवायच माझी गोष्ट सांगत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, यातून काय समजलं. मुलांनी एका सुरात सांगितलं, सगळ्यांनी मिळून काम करावं.

पहिल्या रांगेतली, पुढचे दोन दात पडलेली मुलगी मात्र त्या सुरात नव्हती. तिने हात वर केला.

"बाई, हत्ती उभा राहिला तेव्हा मुंग्या त्याच्या पायाखालीच होत्या ना? मग त्यांना कुणी काढलं?"

बाईंनी पान उलटून पाहिलं. पुढे कोरं होतं. त्या म्हणाल्या, हे पुस्तकात दिलेलंच नाही.

घड्याळजींच्या हातातला स्क्रू फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही. ते स्टुलावर चढले, मला खाली ओढलं आणि तिथेच माझे पुढचे पाय चढवून रस्त्यावर निघाले. माझं मागचं अर्धं अंग धुळीतून फरफटत होतं. फळवाली म्हणाली, "याच्या मागच्या चाकातली हवा गेली वाटतं." घड्याळजींनी एरवी तिला चार टोले परत दिले असते. आज ते नुसते चालत राहिले.

गवंडीबुवा एका नव्या घराच्या परांचीवर उभे राहून भिंतीला गिलावा करत होते. खाली उभ्या राहिलेल्या अर्ध्या हत्तीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हात चालू ठेवला.

"साडू," घड्याळजी सोंडेतून बोलले, "त्या दिवशी मी विसरलो नव्हतो."

वरचा हात थांबला.

"बटणं उघडली असती तर निम्म्या टाळ्या तुमच्याकडे गेल्या असत्या. म्हटलं, अजून थोडा वेळ."

"ठाऊक आहे," गवंडीबुवा म्हणाले. "आत सगळं ऐकू येतं."

गवंडीबुवांनी भिंतीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग वरून आवाज आला, "गिलावा ओला आहे. भिंत पुरी होईपर्यंत माल द्या वर."

घड्याळजींनी मला विटांवर नीट पसरून ठेवलं आणि घमेली उचलू लागले. स्क्रू उचलणारे हात ते, तिसरं घमेलं त्यांनी पोटाशी धरून वर दिलं. पण भिंत पुरी झाली. हात धुऊन गवंडीबुवा खाली आले आणि म्हणाले, "रविवारी मी पुढे."

त्या रविवारी या दोघांच्या पायांवर मी पहिल्यांदा चुकलो. इतकी मुलं समोर पाहून गवंडीबुवांची टाच तीनदा आपटली गेली, आणि तिनाचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. मागून घड्याळजींनी त्यांच्या कंबरेला हात दिला. मी उभा राहिलो. बाईंनी गोष्टीच्या शेवटी नवं वाक्य घातलं: हत्ती पाऊल न टाकता तसाच थांबला आणि सगळ्या मुंग्या सोंडेवर चढेपर्यंत हलला नाही. दात पडलेल्या मुलीने मान डोलावली.

टाळ्या सुरू व्हायच्या आत गवंडीबुवा मागे आले आणि वाकून बटणं उघडू लागले.

पडद्यांचा बेत रद्द झाला. शिवणमावशींनी माझे कान नव्याने शिवले आणि म्हणाल्या, आता बटणं आतल्या बाजूला घेते, म्हणजे पुन्हा कुणी अडकणार नाही. मित्रांनो, मला मागचे पाय लाभले, पुढचे लाभले, मावशींची सुई लाभली, आणि एका मुलीने मोलाचा प्रश्न विचारला. माझ्या अंगात माझं असं काहीच नाही, आणि याचा मला फार आनंद आहे. तुमच्यासाठी टाळ्या वाजतील तेव्हा एकदा मागे वळून बघा, एवढंच माझं मागणं आहे.

बटणांचं म्हणाल तर गवंडीबुवांनी मावशींच्या हातातली कात्री काढून घेतली.

"असू देत बाहेरच," ते म्हणाले. "कुणीतरी येऊन उघडलेली बरी वाटतात."