माझ्या पाठीमागचा कागद

मित्रांनो, मी शाळेच्या व्हरांड्यात काढून ठेवलेला एक जुना पाण्याचा फिल्टर आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण दोन वर्षे माझ्या पाठीमागे एक कागद दडलेला होता, आणि त्याबद्दल गप्प राहणे आता जमत नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. त्यातले फारसे आठवत नाही. आठवते ते गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडच्या पलीकडचे हे गाव. गावाच्या वरच्या अंगाला इंद्रकुमार शेठची राइस मिल आहे. तिथे उसना, म्हणजे उकडा, तांदूळ तयार होतो. धान भिजवून उरलेले आंबूस पाणी मिल नाल्यात सोडते, आणि नाल्याला लागूनच गावाची विहीर आहे.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कलाबाईंना ते आधी कळले. "गुरुजी, तांदूळ चांगला हाये, तरी भात वास मारून राहिला," त्या म्हणाल्या. रत्नपाल गुरुजींनी तक्रारीचा अर्ज लिहिला. कलाबाई तो घेऊन घरोघर फिरल्या. सह्या झाल्या, अंगठे उमटले. सोमवारी अर्ज गोंदियाच्या जिल्हा कचेरीत जायचा होता.

शनिवारी मी आलो.

माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता. छातीवर मिलचे नाव ठळक होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पिण्याचे पाणी'. शेठनी स्वतः पहिला पेला भरून कलाबाईंपुढे धरला. "पहला गिलास तुमचा, बाई. बच्चे खुश तो हम खुश!" त्या प्यायल्या. फोटो निघाला.

पाहुणे गेल्यावर गुरुजींनी अर्जाचे विचारले. कलाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "राहू द्या आता. ज्याच्या हातचं पाणी पिलो, त्याच्याच नावानं कागद कसा द्याचा? बरं नाही दिसत." गुरुजी भिडस्त. त्यांनी अर्जाची घडी घातली आणि माझ्या व भिंतीच्या मधल्या फटीत सारली.

मी त्याच विहिरीचे पाणी गाळू लागलो. मुले माझ्यापुढे रांग लावत. पाहुणे आले की माझे कौतुक होई. मला ते आवडायचे, हे कबूल करतो. शाळा सुटली की मात्र तीच मुले घरी जाऊन विहिरीचे पाणी पीत. नाल्याच्या पाण्यात धानाची रोवणी करणाऱ्या बायकांच्या पायांना खाज सुटे. तरी कोणी बोलले की दुसरा म्हणे, "शेठनं मशीन देल्ली ना?" माझ्याकडे बोट दाखवून सारे गप्प होत. मी गाळत होतो खरा, पण झाकतही होतो.

पहिल्या वर्षानंतर माझ्याकडे मिलचा माणूस फिरकला नाही. यंदा माझी धार आटली. गुरुजींनी मला भिंतीवरून काढले आणि उघडले. माझ्या आतली पाणी गाळणारी पांढरी कँडल काळी, बुळबुळीत झाली होती. तोच घडी घातलेला कागद खाली पडला.

कलाबाईंनी तो ओळखला. "काऊन नाही पाठवला जी?"

"तुम्हीच नको म्हणालात, बाई."

"मी म्हणली," त्या खाली बसत म्हणाल्या. "अन् तुमी आयकलं. शिकलेले ना तुमी?"

गुरुजींनी कागद उचलून त्याची घडी उलगडली. 

त्यांनी शेठला फोन लावला. शेठ मोकळेपणाने म्हणाले, "अरे, नवी मशीन भेजतो ना! उससे भी बडी!"

कलाबाईंनी फोन हातात घेतला. "मशीन ठेवा तुमच्याजवळ, शेठ. आमची हीर आमाले वापस द्या."

दुसऱ्या दिवशी ती काळी कँडल डब्यात घालून, अर्जावर नवी तारीख टाकून, दोघे गोंदियाला गेले. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. माझ्या पोटातली घाण गावाच्या बाजूने साक्ष देईल, असे मला कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, कोणी मदत दिली तर जरूर घ्या, आभारही माना. माझ्यासारख्यांची कँडल वेळेवर बदला. एवढेच करा, आमच्या पाठीमागे कोणाचा अर्ज ठेवू नका. आम्हाला तो ओढून बाहेर काढता येत नाही.