चार बोटं उंच सीट

मी सायकल बोलतेय. शाळेतल्या निबंधात सायकली फार गोड बोलतात, मुलांना घंटी वाजवून हाक मारतात आणि शेवटी सगळ्यांचे आभार मानतात. तशी अपेक्षा असेल तर पान उलटा. मला कोणाचेही आभार मानायचे नाहीत.

मी म्हणजे मुळात फक्त फ्रेम. बाकीचे सगळे भाडेकरू आहेत. चाकं एकीकडची, चेन दुसरीकडची आणि हँडल कुठलं ते हँडललाही माहीत नाही. या सगळ्यांना एकत्र आणणाऱ्या माणसाचं नाव धीरज. तो नंदुरबारच्या एका सरकारी कचेरीत आहे, घर शहाद्याच्या अलीकडे तापीकाठच्या गावात. कामाबद्दलचे व्हिडिओ पाहिले की काम येतं, अशी त्याची समजूत आहे. सरकारी नोकरीत ही समजूत पक्की होत जाते, कारण तिथे ती तपासून बघायची वेळच येत नाही.

त्याच्या आधी मी साखर कारखान्याच्या वाहरू नावाच्या रखवालदाराकडे होते. माझ्या मडगार्डवर तंबाखूची पिचकारी मारण्यापलीकडे त्याने माझ्यावर काही संस्कार केले नाहीत. तो निवृत्त झाला, मी भंगारात गेले. तिथे मी सुखात होते. भंगारात कोणी कोणाला सुधारायला जात नाही.

एका बुधवारी, कुठल्याशा जयंतीच्या सुट्टीला, धीरज आला आणि माझ्या नळ्यांवर टिचक्या मारून म्हणाला, जुनं लोखंड आहे, असं आता मिळत नाही. मिळत नाही ते का, याचा विचार त्याने केला नाही. मला टेम्पोत घालून त्याने घरी आणलं.

कारण घडलं ते असं. धीरजची बायको मयूरी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून बसली होती. शहाद्यातल्या एका लॅबच्या डॉक्टरांनी तिला दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपासून यायला सांगितलं होतं, सकाळी सातला. उपाशीपोटीचं रक्त तपासायला येणारे लोक सातपासूनच बाकावर बसलेले असतात. गावात पहिली एसटी येते साडेआठला. धीरजची मोटरसायकल होती, पण धीरज स्वतः साडेसातशिवाय जागा होत नाही आणि त्याच्या मोटरसायकलला दुसऱ्याचा हात चालत नाही. सासऱ्यांची, म्हणजे छगनबापूंची गाडी पहाटेच केळीच्या मळ्यावर जाते. मयूरी म्हणाली, मला साधी सायकल घेऊन द्या, कॉलेजला मी पाच वर्षं सायकलनेच गेले.

साधी सायकल. हे दोन शब्द धीरजच्या जिव्हारी लागले. दुकानातून तयार सायकल तर कोणीही आणतो, म्हणाला. मी तुला अशी बांधून देतो की निम्म्या पैशात दुप्पट सायकल. मयूरीने विचारलं, दिवाळीपर्यंत होईल ना? तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. धीरज हसला. लग्नानंतर नवरे असं हसतात तेव्हा बायकांनी दुसरी सोय बघावी, पण तिने विश्वास ठेवला. तिची पहिली चूक ती, आणि पुढचे सगळे महिने ती मी भोगली.

सासूबाई पार्वतीबाईंना ही नोकरीच पसंत नव्हती. ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, सून आता लोकांचं रक्त काढायला जाणार. या घरात ते काम आधीपासून चालूच होतं, फक्त त्याला पगार नव्हता.

आता माझ्या बांधकामाची हकिगत. धीरजला सुट्टी शनिवारी आणि रविवारी. शहाद्यात सुट्या भागांचं बरं दुकान जिनेशशेठचं, आणि ते रविवारी बंद. राहिला शनिवार. पण शनिवारी घरात लोखंड आणायचं नाही, हा पार्वतीबाईंचा कायदा. धीरजने पहिल्याच शनिवारी ब्रेकच्या तारा आणल्या तेव्हा पार्वतीबाई दारातच आडव्या आल्या होत्या.

"आज शनिवार शे. घरमा लोखंड येवाव नही."

तारा रात्रभर गेटबाहेर टांगून ठेवाव्या लागल्या. धीरजने ही अडचण जिनेशशेठला सांगितली. जिनेशशेठने शांतपणे मागच्या फळीवरचा डबा काढला.

"धीरजभाऊ, ॲल्युमिनियम चालस. शनिमहाराजनं त्यान्हासंगे काही देणंघेणं नही."

त्या दिवसापासून माझी निवड गुणावर होईनाशी झाली, धातूवर व्हायला लागली. ब्रेकचे हात ॲल्युमिनियमचे, रिमा ॲल्युमिनियमच्या, पायडल प्लॅस्टिकचे. प्लॅस्टिकबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही. लोखंडाशिवाय भागणारच नाही अशा वस्तू, म्हणजे चेन वगैरे, शनिवारी पसंत करायच्या आणि मंगळवारी बाजाराला गेलेल्या छगनबापूंनी आणायच्या. छगनबापू सांगितलेल्या आकाराच्या जवळपासचं काहीतरी आणत.

चाकांचं सांगते. माझं अंग मोठ्या चाकांचं. वाहरूच्या काळात अठ्ठावीस इंची चाकं होती. धीरजने सव्वीसची आणली, कारण व्हिडिओतल्या माणसाची सव्वीस होती. चाक बसलं, फिरलंही. मग ब्रेक लावले तर दोन्ही बाजूंची रबरं रिमच्या वरच एकमेकांना भेटली. ब्रेक हवेला लागत होते. धीरजने सायकल उलटी करून अर्धा दिवस त्यांच्याकडे बघितलं आणि जाहीर केलं की जिनेशने खराब ब्रेक दिले. जिनेशशेठ म्हणाला, ब्रेक बरोबर आहेत, सायकल चूक आहे. मी चूक आहे! पन्नाशीला आलेल्या फ्रेमला हे ऐकून घ्यावं लागलं. शेवटी लांब हातांचे ब्रेक आणले. मागचा लागतो. पुढचा लागायचं की नाही ते स्वतः ठरवतो.

चेनला कड्या जास्त होत्या, ती रस्त्यावरच्या खड्ड्यांत लोंबे आणि खडखड आवाज करी. धीरजला वाटलं हा गिअरचा आवाज आहे. मला गिअर नाहीत.

पण खरा अपराध सीटच्या दांडीचा. ही दांडी म्हणजे सीटखालची नळी, जी माझ्या मधल्या नळीत वरून घालतात आणि माणसाच्या उंचीप्रमाणे वरखाली करतात. ती घ्यायची वेळ आली जूनच्या एका शनिवारी. साहजिकच ॲल्युमिनियमची घेतली. सरळ, चकचकीत, आणि माझ्या नळीपेक्षा किंचित जाड. धीरजने विचारलं, हिला आत घालताना ग्रीस लावावं लागेल ना? जिनेशशेठ म्हणाला, लावा. ग्रीसचा डबा काउंटरवर होता. धीरजचा हात पुढे गेला आणि थांबला.

"ग्रीस तेलमा येस का?"

जिनेशशेठने विचार केला. खोटं बोलणं त्याच्या धर्मात बसत नाही, आणि डबा लहानच होता.

"येस."

शनिवारी तेलही घ्यायचं नसतं. मग पुढच्या शनिवारी बघू, असं धीरज म्हणाला. पुढच्या शनिवारीही शनिवारच निघाला. घरात शेंगदाण्याचं तेल होतं, पण सायकलीला खायचं तेल द्यायला पार्वतीबाई तयार नव्हत्या. गंमत अशी, की त्याच सकाळी हा माणूस मारुतीच्या अंगावर वाटीभर तेल ओतून आला होता. मारुतीला काहीही गंज चढलेला नव्हता.

दांडी कोरडी घातली. जाईना, म्हणून वर लाकूड ठेवून हातोड्याने ठोकली. किती उंच ठेवायची? बांधणारा तोच, बसून बघणारा तोच, म्हणून त्याच्या उंचीची. धीरज उंच आहे, मयूरी नाही. तिने तेव्हाच विचारलं होतं, माझे पाय पोचणार नाहीत हो. धीरज म्हणाला, ही फक्त ट्रायल, सीट काय, दोन मिनिटांत खाली येते.

मग मी गोठ्याच्या बाहेर भिंतीला टेकून पावसाळाभर उभी राहिले. छपराची पन्हळ नेमकी माझ्या सीटवर गळत होती. पाणी दांडीवरून आत उतरायचं आणि आत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांशी जे काही करतात ते करत बसायचं. बाहेरून पांढरी पूड दिसायला लागली. धीरजला ती रांगोळी वाटली असावी. त्याने माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, स्वतःच्या हातांनी. अभिनंदनं आली. मी गळत्या पन्हळीखाली ती ऐकली.

दिवाळी झाली. सोमवारी मयूरीला हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी तिने नवऱ्याला आठवण केली, सीट खाली करून द्या. दोन मिनिटांचं काम.

धीरजने नट सैल केला, सीट धरली आणि पिळली. मी हलले, सीट नाही. मग त्याने मला दोन पायांत पकडून सीट पिळली. मग हातोडा. मग तळाशी रॉकेल राहिलेली बाटली. मग उकळतं पाणी, जे माझ्या नळीपेक्षा त्याच्या पायावर जास्त पडलं. मग सीट दोरीने निंबाच्या बुंध्याला बांधली आणि मला धरून गोल फिरवलं. बैलाला असं फिरवलं असतं तर त्याने लाथ मारली असती. मी दांडी सोडली नाही. मुद्दाम सोडली नाही असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे सोडता येतच नव्हती.

अंगणात प्रेक्षक जमले. पार्वतीबाईंनी ओट्यावर पाट मांडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे त्यांनी कौतुकाने बघितलं.

"सायकल तयार नही, आन बाई तयार शे," त्या शेजारणीला म्हणाल्या. देवाची इच्छाही त्यांनी त्यातच घातली. देव या घरात फक्त त्यांच्या बाजूने बोलतो.

मयूरीने एकदा चढून बघितलं. मधली आडवी नळी ओलांडून ती सीटवर बसली तेव्हा तिचे पाय पायडलच्या वरच चार बोटं लोंबकळत राहिले. शेजारीण हसली. मयूरी उतरली, तोंड लाल झालेलं.

धीरज घामाने निथळत होता. चूक कोणाची, हे त्याने अजून ठरवलं नव्हतं. जिनेश आणि मी यांच्यात अटीतटी होती. त्याने बायकोला तोडगा सुचवला. डॉक्टरांना फोन कर, आठ दिवस थांबा म्हण, येत्या शनिवारी मी दुसरी दांडी आणतो.

मयूरीचा आवाज चढला नाही.

"पेशंट उपाशी बठेल ऱ्हातस. त्यासले येता शनिवार सांगू का?"

धीरजने मोटरसायकलवर सोडायला येईन असं म्हणावं, एवढी जागा तिने त्या वाक्यानंतर ठेवली होती. मी तिथेच होते, मी ती जागा पाहिली. धीरजने ती भरली नाही. तो हातोड्याचं डोकं घट्ट करत राहिला.

ती गोठ्यात गेली. केळीला ठिबकचे पाइप टाकतात, ते कापायची करवत त्या पाइपांच्या वेटोळ्यात खोचलेली असते. ती घेऊन आली. छगनबापू दिवसभरात पहिल्यांदा बोलले, पातं वाकवू नको म्हणाले. मयूरीने सीटचे नट काढले आणि सीट धीरजच्या हातात दिली. त्याने ती पकडली, जसं कोणी दिलेलं मूल पकडतात. मग ती माझ्या शेजारी उभी राहिली, कमरेपासून हाताने अंदाज घेतला आणि दांडीवर नेलपॉलिशने लाल रेघ मारली.

"काय करी ऱ्हायनी तू?" धीरजने विचारलं.

"सीट खाले करी ऱ्हायनू."

करवत लागली तेव्हा धीरजच्या ध्यानात आलं. दांडी नळीतून निघणार नसेल तर वरूनच कमी होणार. आणि एकदा कमी झाली की वाढणार नाही, कारण ती माझ्यातून आता जन्मात हलत नाही.

"मंग मी कसा बठसू?"

मयूरीने करवत थांबवली नाही. "तुमले कोठे बठनं शे? तुम्हनी मोटरसायकल शे ना."

पार्वतीबाईंनी पाट उचलला आणि त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने ठेवली गेली. ॲल्युमिनियम मऊ असतं, फार वेळ लागला नाही. कापलेला तुकडा टपकन खाली पडला आणि तिने सीट उरलेल्या दांडीवर बसवली. मला दुखलं का? दुखलं. त्या घरात माझ्या अंगावर झालेलं बरोबर काम तेवढंच, आणि तेही दुखलं.

सोमवारी ती सातच्या आत पोचली. वाटेत चेन एकदा पडली, ती तिने ओढणीला काळं लावत बसवली आणि मला एक शिवी दिली. लॅबच्या बाकावर लोक बसलेले होते. ती आत गेली, हात धुतले, पहिल्याला बाही वर करायला सांगितली. मला खिडकीतून तेवढंच दिसलं.

तिचं माझ्यावर प्रेम आहे असा समज करून घेऊ नका. ती मला रोज भिंतीवर आपटून उभी करते. माझ्या पुढच्या ब्रेकला काय म्हणते ते इथे छापता येणार नाही. मलाही ती आवडत नाही. पण आमच्यात कोणी खोटं बोलत नाही.

धीरज पाहुण्यांना अजून सांगतो, सायकल मी बांधली. परवा एका मेहुण्याला चालवून दाखवायला बसला, तेव्हा त्याचे गुडघे हँडलला लागले आणि तो अंगणातल्या तुळशीपर्यंतच गेला. त्या संध्याकाळी त्याने मयूरीकडे माझ्या कुलपाची किल्ली मागितली. एक व्हिडिओ बघितला होता त्याने, नळीत अडकलेली दांडी वितळवून काढायचा. थोडं ॲडजस्ट करतो, म्हणाला. हात पुढे केलेलाच होता.

मयूरी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"चाली ऱ्हायनी ना? मंग हात लावू नका."

आमचं आयुष्य संपत आलं की आम्ही वस्तूंनी काहीतरी मागायचं असतं, अशी रीत आहे. आम्हाला जपा, रंग द्या, मुलांना आमची गोष्ट सांगा. मला त्यातलं काहीच नको. रस्त्यात कधी मी भिंतीला टेकलेली दिसले, चेन सैल, पुढचा ब्रेक वाकडा, सीट बुटकी, आणि तुम्हाला वाटलं की आपल्याला हे दोन मिनिटांत नीट करता येईल, तर तुमचे हात खिशात ठेवा आणि पुढे जा. ती साडेअकराला सुटते. मला घेऊन जाईल.